आपला बाप, त्यांची बॉबरी

काकांनी कळीच्या चुन्याचं पहिलं ढेकूळ ड्रममध्ये टाकलं तेव्हा काहीच झालं नाही. मुठीएवढा पांढरट, खडबडीत दगड पाण्यात गेला, दोन-तीन बुडबुडे आले आणि संपलं. माझी सात वर्षांची लेक ड्रमच्या काठाशी हनुवटी नेऊन बघत होती. तिचा चेहरा पडायला लागला तेवढ्यात आतून पापड भाजल्यासारखा कुरकुर आवाज आला. ढेकळाला भेग गेली, भेगेतून वाफ निघाली आणि बघता बघता अर्धा ड्रम खदखदायला लागला. खाली जाळ नाही, चूल नाही आणि पाणी उकळतंय.

त्या क्षणी अंगणात दोन शब्द एकदम उमटले. लेक म्हणाली, "वॉव!" काका म्हणाले, "बाप्पा!" आणि लेक ड्रमपासून दोन हात मागे होती. काकांनी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरून तिला ओढलं होतं.

राजूरच्या माणसाला या उकळण्याचं नवल नाही. वणी तालुक्यातल्या या गावाला जमिनीनं दोन्ही गोष्टी दिल्या, कोळसाही आणि चुनखडीही. भट्टीत दगड आणि कोळसा असे थर रचायचे, नऊशे अंशांच्या आसपास तापू द्यायचं, की दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते ती कळी. पाणी लागलं की ती कळी भट्टीत खाल्लेल्या उष्णतेतली थोडी ओकून टाकते. काकांनी हे जन्मभर पाहिलंय. तरी दरवेळी ते "बाप्पा" म्हणतातच.

माझं डोकं मात्र 'वॉव'वर अडकलं. सकाळपासूनचा तो अकरावा होता. हो, मोजत होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. इंग्रजीवर पोट भरणाऱ्या बाईनं एका इंग्रजी शब्दावर एवढं चिडावं याची काकांना गंमत वाटली आणि तिथून आमचं जुंपलं.

"भाकरी फुगली, वॉव. बकरीला दोन पिल्लं झाली, वॉव. मोबाइलवर मांजर नाचलं, वॉव. आता चुना उकळला तरी तेच. काका, एकाच मापट्यानं ज्वारीही मोजायची आणि सोनंही?"

"मंग तू काय करते?" काका चिमट्यानं दुसरं ढेकूळ उचलत म्हणाले. "चहा चांगला झाला तरी 'मस्त' अन् पोरगी पास झाली तरी 'मस्त'च म्हनते ना? लेकराचंच मापटं दिसते तुले."

"पण आपल्याकडे किती शब्द आहेत! अबब, अरेच्चा, अगंबाई, अय्या, बाप रे, अहाहा, ओहो. 'अबब' म्हटलं की मोठं काहीतरी दिसलं. 'अरेच्चा' म्हटलं की अंदाज चुकला. 'अय्या' म्हटलं की बोलणारी बाई आहे आणि गोष्ट फार गंभीर नाही. नुसत्या उद्गारावरून समजतं काय झालंय ते. 'वॉव'वरून काय समजतं?"

"आमच्या धंद्यात तं समजे," काका म्हणाले. "वॉव म्हनजे पट्टा सैल झाला."

हे मला माहीत नव्हतं. काका खाणीत इलेक्ट्रिशियन होते, जमिनीखाली पंप आणि केबल सांभाळायचे. पाळी संपली की ओट्यावर बसून कॉलनीतले टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, एवढं मला आठवतं. ऐंशीच्या दशकात घरोघरी टेप होता आणि काकांचा ओटा कधी रिकामा नसायचा. टेपच्या माहितीपत्रकात 'वॉव अँड फ्लटर' म्हणून एक आकडा टक्क्यांत दिलेला असतो. टेपचा वेग सावकाश कमी-जास्त व्हायला लागला की सूर डोलतो, तो वॉव. तोच फरक भराभर झाला की आवाज थरथरतो, तो फ्लटर.

"गानं सुरू केलं अन् बाई झोक्यावर बसून गाते असं वाटलं, की समजाचं. रबरी पट्टा ताणला नाई तं पिंच रोलरवर मळ बसला. स्पिरिटचा बोळा घेतला, रोलर पुसला, की वॉव गेला. इंग्रजाईनं आवाजाले आवाजाचंच नाव देल्लं. वाऊं, वाऊं. तवापासून कोनी वॉव म्हटलं की मले वाटते, याचा पट्टा पाहा लागते."

लेक हे ऐकून खिदळली. तिला काय कळलं देव जाणे. मला मात्र मुद्दा आयताच मिळाला. म्हटलं, बघा, तुम्हीच म्हणताय की तो बिघाड आहे.

"बिघाड आवाजातला. शब्दात काय बिघाड हाय? आला कुठून थो?"

आता मी माझ्या मैदानात होते. सांगितलं, की 'वॉव' हा कॉन्व्हेंटचा शब्द नाही, अमेरिकेचाही नाही. तो स्कॉटलंडचा. गॅविन डग्लस नावाच्या स्कॉटिश कवीनं व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्याचं आपल्या बोलीत भाषांतर केलं, ते १५१३ मध्ये पुरं झालं, आणि 'वॉव'चा लेखी मागमूस तिथपर्यंत जातो. पुढे कित्येक वर्षं तो त्या मुलखाचाच शब्द राहिला. १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या नाटकवाल्यांनी त्याचं नाम केलं. खेळ तुफान चालला की तो 'एक वॉव'. मग क्रियापदही झालं. आणि आपल्या 'वाह'शी त्याचं काही नातं नाही. तो 'वाह' फारसीकडून आला, 'शाबास'ही तिकडचाच, मूळ 'शाद बाश', खूश राहा. 'वाह' आणि 'वॉव' एकसारखे वाजतात, कारण तोंड उघडं पडल्यावर माणसाच्या गळ्यातून फार वेगळं काही निघत नाही.

"म्हनजे थो गावठी शब्द हाय," काका खूश झाले. "त्याईच्या वऱ्हाडातला."

असं कोणी म्हणेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण खरंच, लंडनच्या दृष्टीनं स्कॉटलंडची बोली ती काय, आणि पुण्याच्या दृष्टीनं आमची ती काय! मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'बाप्पा' म्हणायचं सोडलं होतं. तिकडे बाप्पा म्हणजे गणपती. आमच्याकडे बाप्पा म्हणजे अचंबा, भीती, कंटाळा, कौतुक, सगळंच. मी एकदा वर्गात "बाप्पा, किती ऊन!" म्हटलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी "मोरया" म्हणालं. हे काकांना मी सांगितलं नाही.

सांगितलं ते वेगळंच. म्हटलं, काका, उद्गार म्हणजे मुळात हाक असते. बघा ना, आपण घाबरलो, चकित झालो की कोणाला तरी बोलावतो. बाप रे, आई गं, माय वं, अगंबाई. आणि तुमच्या कॉलनीत तरी काय होतं? आंध्रकडचे लोक "अम्मो" आणि "अय्यो" म्हणायचे, छत्तीसगडचे "ददा गा", बिहारकडचे "माई गे". भाषा चार, पण अंगणात साप निघाला की चारही भाषांतले लोक आपापल्या आईबापांना हाका मारायचे. त्यातला 'अय्यो' तर २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जाऊन बसला. इंग्रजही एकेकाळी हाक मारत होते, पण देवाला. पुढे देवाचं नाव असं उठताबसता घेणं हे पाप ठरलं. १६०६ मध्ये तर कायदाच झाला, की नाटकात देवाचं नाव उथळपणे घेतलं तर दहा पौंड दंड. त्या काळचे दहा पौंड! मग लोकांनी देवाचं नाव मोडूनतोडून वापरलं. 'गॉड'चं 'गॉश' झालं, 'गॉली' झालं. 'ख्राइस्ट'चं 'क्रायकी' झालं. 'ब्लायमी' म्हणजे मूळची चक्क शपथ, देवानं मला आंधळं करावं अशी. पण मोडका का होईना, देव होता. 'वॉव'मध्ये कोण आहे? कोणीच नाही. ती हाक नाही, नुसता उघडा जबडा आहे.

काका बराच वेळ ड्रममध्ये काठी फिरवत राहिले. दूध फाटल्यासारखं दिसणारं ते पाणी आता दाट झालं होतं. मला वाटलं, जिंकले. आणि जिंकल्यावर माणूस करतो ती चूक मी केली. आणखी एक पुरावा दिला.

"आणि आपल्या हाकेत किती दम होता माहितीय? आपला 'बाप रे' इंग्रजांनी उचलून नेला. त्यांच्या कोशात आहे. 'बॉबरी'."

"काय रे?"

"बॉबरी. बाप रेचं बॉबरी."

हे अगदी खरं आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या बोलीचा एक जाडजूड कोश केला, १८८६ मध्ये छापला. त्यात 'बॉबरी-बॉब' असा उद्गार दिलाय आणि त्याचं मूळ दिलंय 'बाप रे बाप'. खाली कलकत्त्याची एक हकिगत आहे. ५ ऑगस्ट १७७५ रोजी महाराजा नंदकुमारला फाशी दिलं. वॉरन हेस्टिंग्जवर त्यानं लाचखोरीचे आरोप केले होते आणि लगेच पुढे बनावट दस्तऐवजाच्या खटल्यात तोच अडकला. फाशीच्या वेळी हजर असलेल्या एका इंग्रज कॅप्टनची साक्ष कोशात उतरवून घेतली आहे. आठ-दहा हजार माणसं जमली होती. पायाखालची फळी सरकली त्या क्षणी ती सगळी "आ बाप रे" असं ओरडत पांगली आणि फासाजवळ शेरीफ, त्याची माणसं आणि थोडे युरोपियन बघे तेवढे उरले. हे लोक भयंकर काही दिसलं किंवा फार वेदना झाल्या की असं ओरडतात, हा खुलासाही त्या कॅप्टननंच केला.

मी हे जरा रंगवूनच सांगितलं. एरवी वर्गातही रंगतं. काकांची काठी थांबली.

"अन् मंग त्याईच्या भाषेत बॉबरीचा अर्थ काय? बाप?"

"नाही. गोंगाट. गोंधळ, आरडाओरडा."

"हं."

"आणि 'बॉबरी पॅक' म्हणजे... म्हणजे मिळतील त्या जातीच्या कुत्र्यांची जमवलेली शिकारी टोळी."

काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका मान्साले फाशी देल्ली. दहा हजार मान्सं बापाले हाक मारून राह्यले. अन् ऐकनाऱ्यानं लिहून ठेवलं, गोंगाट. मंग थेच नाव कुत्र्याईच्या टोळीले देल्लं. अन् तू मले हे आपला मान म्हनून सांगून राह्यली?"

काय बोलणार? बारा वर्षं हा किस्सा मी वर्गात अभिमानाचा म्हणून सांगत आलेय. पोरं टाळ्या वाजवतात. त्यातली हाक गळून फक्त आवाज उरला होता, हे मला, भाषा शिकवणाऱ्या बाईला, एकदाही दिसलं नाही. वाईट याचं वाटलं, की त्या कोशाचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन' आहे, आणि ते नाव तरी काय? मोहरममध्ये छाती पिटत म्हटलेलं "या हसन, या हुसेन" गोऱ्या शिपायांच्या कानांना जसं ऐकू आलं तसं. म्हणजे मुखपृष्ठापासूनच हाकेचा गोंगाट झालेला. हेही मी काकांना सांगून टाकलं. हरल्यावर निदान प्रामाणिक असावं.

"पन थो कॅप्टन अर्धा बरोबर हाय," काका म्हणाले. "बाप्पा हा भेवाचाच शब्द हाय. लोक म्हनतात अचंब्याचा. पन मी सांगतो, पहिले भेव अन् मंग अचंबा."

आणि मग ते खाणीबद्दल बोलले. ते क्वचित बोलतात. खाली गेल्यावर टोपीवरच्या दिव्याचा उजेड जेवढा जाईल तेवढंच जग. सरदार, म्हणजे खाणीतला मुकादम, पुढे होऊन काठीनं छत ठोकून बघायचा. टण् वाजलं तर दगड धरून आहे. ढब् वाजलं तर वर पोकळी आहे, थर सुटलाय. "छत बोलते," काका म्हणाले, "आपन गप राहाचं." एकदा केबलला सांधा मारत असताना असंच ढब् वाजलं. सरदारानं हातानं मागे व्हा म्हणून खूण केली. सगळे मागे झाले आणि मग दाराएवढी शिळा, फार आवाज न करता, जिथे काकांची हत्यारांची पिशवी होती तिथे येऊन बसली. कोणाला खरचटलंही नाही.

"तवा माह्या तोंडातून निघालं, बाप्पा. माह्या बापालेच हाक होती थे. थो मरून तवा सहा वर्सं झाले होते." काठी पुन्हा फिरू लागली. "आमच्या पिढीले मोठं जे काही दिसलं, थे अंगावरच येत गेलं. पूर आला, बाप्पा. मशीन आली, बाप्पा. सायेब आला, तरी बाप्पा. आता हे लेकरू पाह्य. उकळता ड्रम पाह्यला अन् खुशीनं टुनकन उडालं. त्याले बापाले बोलवाची गरज नाई पडली. पडू नये. म्हनू दे त्याले वॉव."

मी एवढ्यावर सोडायला तयार नव्हते. म्हटलं, भीती काढून टाकली तर मागे राहतं ते नवल नाही, करमणूक आहे. इंग्रजीतला 'ॲस्टॉनिश' घ्या. त्याच्या पोटात लॅटिनमधला मेघगर्जनेचा धातू आहे. वीज कडाडल्यावर माणूस जसा जागच्या जागी थिजतो तसं होणं, हा मूळ अर्थ. तुम्ही ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसता. अकरावा अध्याय काय आहे? अर्जुनाला विश्वरूप दिसलं...

"पहिल्यांदा त्याच्या अंगावर काटा आला," काकांनी वाक्य माझ्याकडून काढून घेतलं. "हात जोडले. लय कौतुकानं पाह्यलं, हे दिसते, थे दिसते. तवा थो वॉव म्हनून राह्यला होता. मंग त्या दाढा दिसल्या, त्याच्यात अडकलेले मानसं दिसले, तवा बाप्पा म्हटलं. अन् काय मागतलं? देवा, हे आवर, तुह्यं पहिलंच रूप दाखव. म्हनजे वॉव पहिले हाय, बाप्पा मागून. लेकराचं बरोबर हाय."

ज्ञानेश्वरीचा असा पाठ माझ्या कोणत्याही प्राध्यापकानं दिला नव्हता. मी आठवण करून दिली, की त्याच अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव म्हणतात, शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आला. घर शांताचं आहे, उगाच टुणटुण उड्या मारणाऱ्याचं नाही.

"पाहुना कोनाच्या घरी येते? जिथं लेकरं असतात तिथं," काका म्हणाले. हा काही युक्तिवाद नव्हता. पण मला उत्तर सुचलं नाही, आणि नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं तेही धड नव्हतं.

एवढा वेळ लेक गप्प होती. तिला वाद कळला नव्हता, पण आपल्या शब्दावरून काहीतरी चाललंय हे कळलं होतं. तिनं विचारलं, "वॉव म्हणायचं नाही का?" मग मला तिला ती गोष्ट सांगावी लागली, जी खरं तर माझ्या बाजूची नाही. १५ ऑगस्ट १९७७. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 'बिग इअर' नावाची रेडिओ दुर्बीण होती. आकाशातून काय काय ऐकू येतं ते ती टिपायची आणि संगणक त्याचे आकडे कागदावर छापायचा. त्या रात्री बहात्तर सेकंद एक जोरदार संदेश आला. काही दिवसांनी जेरी एमन हे शास्त्रज्ञ त्या कागदाच्या चळती तपासत बसले होते. ओळीच्या ओळी किरकोळ आकडे, आणि मधेच सहा खुणा उभ्या उठल्या होत्या. त्यांनी लाल शाईनं त्यांना वेढा घातला आणि समासात लिहिलं, 'वॉव!' तो संदेश कशाचा होता यावर अजून एकमत नाही. तसा पुन्हा कधी मिळाला नाही. दुर्बीण १९९८ मध्ये पाडली. पण जगभर तो 'वॉव संदेश' म्हणूनच ओळखला जातो.

"पट्टा तं सैल नव्हता ना त्याईचा?" काकांनी विचारलं.

"तेच तर सगळे शोधत बसलेत."

"अन् राजूरचा मानूस तिथं असता तं?"

"तर समासात 'बाप्पा' असतं."

"अन् मंग जगभर 'बाप्पा संदेश'." काका आता हसले, दात नसलेलं पूर्ण हसले. "पुन्यावाले म्हनते, गनपतीचा फोन आल्ता."

म्हणजे ती 'मोरया'ची गोष्ट त्यांना माहीत होती. आईनं सांगितली असणार.

ड्रम थंड होत चालला होता. उद्यापर्यंत चुना मुरू द्यायचा, मग गाळून त्यात थोडी नीळ आणि मीठ घालून भिंतीला मारायचा. पिशवीत एक ढेकूळ उरलं होतं. लेकीची नजर त्याच्यावर होती, ते काकांनी बघितलं. त्यांनी स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला, तो नाकावरून घसरला म्हणून दोरीनं मागे बांधला, आणि लांब चिमटा तिच्या दोन्ही हातांत दिला.

"काठाले लावून सोड. फेकू नको. अन् तोंड मागं."

तिनं श्वास रोखून ढेकूळ सोडलं. बुडबुडे आले. कुरकुर झाली. मग ते उकललं आणि वाफेचा लोट चष्म्याच्या भिंगांवर येऊन बसला.

"वॉव," ती हळूच म्हणाली.

काका काही बोलले नाहीत. चष्म्यावाचून त्यांना ड्रम नीट दिसतही नसावा. फक्त त्यांच्या मुठीत मागून तिचा फ्रॉक होता.